मोडक्या घराचें लांकूड व त्यापासून होणारी जोडकमाई

सह्याद्रीच्या पायथ्यापासून बालाघाटाच्या पठारापर्यंत कोणत्याही खेड्यांत गेलें असतां हल्लीं एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. जुनें घर उतरविलेलें असतें, त्या जागीं सिमेंटच्या स्लॅबचें नवें घर उभें राहत असतें, आणि गोठ्याच्या पाठीमागें तुळया, खांब, वासे, दारांच्या चौकटी, मोडक्या गाडीचा साटा, निकामी कुळव व पांभर यांचा ढीग पावसांत भिजत पडलेला असतो. भंगार घेणारा येतो, ढिगाकडे एकवार नजर टाकतो, सरसकट एक आंकडा सांगतो, आणि घरधनी ‘अडचण गेली’ एवढ्याच समाधानानें तो मान्य करतो. त्याच ढिगांतील सागाची तुळई पुढें शहरांत मेज अगर बाक होऊन एखाद्या दिवाणखान्यांत जाते. मधली कमाई कोणाची झाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारावा, आणि त्या कमाईचा कांहीं भाग तरी शेतकऱ्याच्या व गांवच्या सुताराच्या पदरांत कसा पडेल हें पाहावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

प्रस्तुत लेखकाची उमेद महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. अतिवृष्टींत घरें पडल्यावर पंचनाम्यासाठीं गांवोगांव जाण्याचा प्रसंग अनेक वेळां आला. पंचनाम्यांत भिंत, कौल, पत्रा यांची नोंद होई. ढिगाऱ्याखालच्या लांकडाचा हिशेब स्वतः घरधनीही मनांत धरीत नसे. सेवेतून मोकळे झाल्यावर गांवच्या एका वृद्ध सुताराच्या सोबतीनें आम्हीं तीन उन्हाळे हें काम करून पाहिलें. त्यावरून जें समजलें तें, व खात्यांतील अनुभवामुळें जें आधींच ठाऊक होतें तें, दोन्ही येथें मांडतों.

प्रथम लांकडाविषयीं. आपल्या जुन्या घरांची रचनाच अशी होती कीं, भार खांबांनीं व तुळयांनीं पेलावा आणि भिंतीनें फक्त आडोसा करावा. घर किती मोठें, याचें उत्तर चौरस फुटांत नव्हे तर खणांत दिलें जाई. दोन तुळयांमधील अंतर तो एक खण. सबब एका मध्यम घरांतही लांकूड विपुल असे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ सालीं पुरा झाला, त्याचा साग जुन्नरच्या जंगलांतून आणला असें सांगतात. पुढें १८२८ सालच्या आगींत त्याचा लांकडी भाग जळून गेला व दगडी तट तेवढा उरला. सरदारांच्या वाड्यांत जें मोठ्या प्रमाणावर, तेंच पाटील-कुळकर्ण्यांच्या घरांत लहान प्रमाणावर होतें. मराठवाड्यांत माळवदाच्या घरांना खालून असाच लांकडी सांगाडा असे, आणि वर हातभर मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत जड दगडमातीनें झालेला संहार पाहिल्यावर लोकांचें मन माळवदावरून उडालें तें पुन्हां बसलें नाहीं.

या लांकडाचें मोल दोन कारणांनीं आहे. एक तर तें पन्नास, साठ, कांहीं ठिकाणीं शंभर वर्षें छपराखालीं वाळलेलें आहे; त्याला जेवढें वाकावयाचें अगर फाटावयाचें होतें तेवढें तें वाकून व फाटून चुकलेलें असतें. नव्या, पुरत्या न वाळलेल्या फळीचें दार पहिल्याच आषाढांत फुगतें व वैशाखांत फटी दाखवितें, तसें हें सहसा करीत नाहीं. दुसरें, जुन्या सागांत गाभ्याचा भाग मोठा असे. सागाच्या गाभ्यांत जें नैसर्गिक तेल व तत्सम द्रव्यें असतात त्यांस वाळवी टाळते. बाहेरील पांढरट कडेंत तीं नसतात. म्हणून जुन्या तुळईची कड पोखरलेली दिसली तरी निराश होण्याचें कारण नाहीं. कड तासून टाकावी, आंत बहुधा सोन्यासारखें लांकूड निघतें.

तें साग आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें ? काजळी, चुना, तेल व पिढ्यान्‌पिढ्यांचे रंग यांखालीं सर्वच लांकडें काळीं दिसतात. पटाशीनें आंतल्या अंगास बोटभर जागा तासावी. साग असेल तर पिवळसर तपकिरी रंग, बोटाला किंचित् मेणचट स्पर्श आणि जुन्या कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. टोकाकडून पाहिल्यास वर्षावर्षाचीं वलयें स्पष्ट दिसतात. वजनाचीही साक्ष घ्यावी. सागाचा एक घनफूट सुमारें १८ किलो भरतो. बाभळीचा २२ किलोंच्या पुढें जातो. आंब्याचें लांकूड सागाच्या आसपासच भरतें, पण त्याला तो वास नाहीं व किडा त्यांत लवकर शिरतो. हातोडीनें ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर आंतून शाबूत, बद्द आला तर पोकळ अगर कुजकें समजावें. भिंतींत गाडलेलीं टोकें व जमिनीलगतचा खांबाचा बूड हीं हटकून तपासावीं, कारण ओल तेथें मुरते.

सागाच्या नादानें इतर लांकडांस तुच्छ लेखूं नये. गाडीचा तुंबा, आरे, जूं, कुळव ही सारी बाभळीची करामत. हें लांकूड चिवट व जड, रंध्यास दाद न देणारें, पण खाटकाचा ठोकळा, हातोडीचा दांडा, बाकाचे पाय यांस त्यासारखें दुसरें नाहीं. जांभूळ ओलींत टिकतें. कोंकणांतील जुन्या घरांत फणस सांपडतो. त्याचा पिवळा रंग कालांतरानें तांबूस होतो व देव्हाऱ्यास तो शोभतो. शिसवीचा खांब अगर पलंगाचा खूर मिळाला तर मात्र त्यास करवत लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. तें लांकूड दुर्मिळ झालें असून त्याच्या परदेशी व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

आतां घर उतरविण्याची रीत. येथेंच निम्मा नफा हरवतो. मजूर अंगावर काम घेतात, त्यांना दिवस वांचवावयाचा असतो, म्हणून ते तुळई वरून सोडून देतात आणि ती जमिनीवर आपटून सांध्यांत फाटते. उतरविणी वरून खालीं, म्हणजे कौलें, रीपा, वासे, आढें, मग कडीपाट, मग तुळया व शेवटीं खांब, अशा क्रमानें व दोर लावून करावी. जुन्या कामांत खिळे थोडे व लांकडी खुंट्या पुष्कळ. खुंटी मागून ठोकून काढली कीं कुसू आपल्या घरांतून अलगद सुटतें. प्रत्येक नगावर गेरूनें खूण करावी. दारें चौकटीसकट काढावीं, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, पितळी फुलें यांचा डबा वेगळा ठेवावा. चौकोनी अंगाचे हातघडणीचे जुने खिळेही फेकूं नयेत. जुन्या धाटणीच्या कामास गिऱ्हाईक तेच मागतें.

रचून ठेवतांना खालीं वीतभर उंचीचे दगड, दोन थरांमध्यें सारख्या अंतरावर पट्ट्या, वर पत्रा किंवा ताडपत्री, पण चारी बाजूंनीं वारा मोकळा, अशी व्यवस्था असावी. कडब्याच्या गंजीस टेकून लांकूड ठेवणें म्हणजे वाळवीस आमंत्रण. टोकांना चुना अगर गेरू फासला तर तीं उन्हानें फाटत नाहींत.

यापुढचें काम कंटाळवाणें पण सर्वांत महत्त्वाचें, तें म्हणजे लोखंड काढणें. डोक्याचा खिळा दिसतो. मोडून आंत राहिलेला दिसत नाहीं. निकामी कर्ण्यांतलें लोहचुंबक काढून दोऱ्यास बांधावें व तुळईच्या चारी अंगांवरून हळूहळू फिरवावें. जेथें तें ओढ घेईल तेथें खडूनें फुली मारावी. गिरणींतील यंत्राच्या पात्याखालीं एक खिळा सांपडला तर पातें तर जातेंच, पण तुकडा उडून कापणाऱ्याच्या डोळ्यांत जाण्याचें भय असतें. गिरणीवाले जुनें लांकूड घेण्यास कां कुरकुरतात याचें हें कारण आहे, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे. चुंबक फिरवून आणलेला माल आहे अशी आपली ख्याति झाली कीं तेच आपणहून घेऊं लागतात.

किड्याचा बंदोबस्त लांकूड घरांत आणण्यापूर्वीं करावा. बारीक भोकें व त्यांखालीं ताजी पिठासारखी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे असें समजावें. भोकें जुनीं, काळवंडलेलीं व कोरडीं असतील तर तो केव्हांच गेला. १ भाग बोरिक आम्ल व दीड भाग टाकणखार पाण्यांत विरघळवून त्यांत फळ्या भिजत घालणें ही सोपी व स्वस्त रीत आहे. नुसता कुंचला फिरवून तें पाणी खोल जात नाहीं. मात्र हें द्रव्य पावसानें धुवून जातें, म्हणून उघड्यावरच्या बाकास त्याचा उपयोग नाहीं; आणि पोळपाट, काथवट, दाण्याची पेटी अशा अन्नाशीं संबंध येणाऱ्या वस्तूंस तें लावूंच नये.

रंगाविषयींचा इशारा आमच्या बंधूंनीं विशेष लक्षांत ठेवावा. जुन्या दारांवरच्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव मोठा आहे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी २०१६ च्या नियमांनीं ठरली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आली. त्यापूर्वींचा रंग कोरडा घासला किंवा जाळला तर ती धूळ व तो धूर लहान मुलांच्या मेंदूस बाधतो. रंग ओला करून खरवडावा, तोंडास फडकें नव्हे तर धुळीचा खरा मुखवटा बांधावा, खरवड गोळा करून पुरावी, आणि काम चालू असतां मुलें व शेळ्या-कोंबड्या यांना अंगणांतून हांकून द्यावें. रेल्वेचे जुने स्लीपर बाजारांत येतात. ते मजबूत खरे, पण त्यांस टिकण्यासाठीं क्रिओसोट नांवाचें डांबरी तेल पाजलेलें असतें. कुंपणाच्या खांबाखेरीज त्यांचा घरांत अगर गव्हाणींत उपयोग करूं नये.

ज्यांच्या गांवांत पाडण्यास जुनें घर नाहीं, पण औद्योगिक वसाहत जवळ आहे, त्यांना दुसरें लांकूड मिळतें. यंत्रें व माल ज्यांवर ठेवून जहाजांतून येतो त्या लांकडी चौक्या, ज्यांस पॅलेट म्हणतात, कारखान्यांबाहेर ढिगानें पडलेल्या असतात. त्यांतील लांकूड बहुधा विलायती देवदाराच्या जातीचें, हलकें व मऊ असतें. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें अशा चौकीवर गव्हाच्या लोंबीची खूण व दोन रोमी अक्षरें डागलेलीं असतात. एच-टी असेल तर लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णतेंत अर्धा तास ठेवून निर्जंतुक केलेलें आहे, तें वापरण्यास हरकत नाहीं. एम-बी असेल तर त्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, तें सोडून द्यावें. खूण मुळींच नसेल, किंवा तेला-रसायनाचे डाग असतील, तर फुकट मिळालें तरी नको.

काय बनवावें ? येथें बहुतेकांची धांव एकदम पलंग व सोफा यांकडे जाते. त्या वस्तूंत कारखानदाराशीं गांठ पडते व ती आपणांस झेपत नाहीं. आम्हांस असें दिसलें कीं, जुन्या लांकडाचा जुनेपणा जेथें गुण ठरतो त्याच वस्तु घ्याव्या. ओसरीवरचा बाक, चौरंग, पाट, देव्हारा, बंगईची पाटी, भिंतींतील फडताळाचीं दारें, तिवई, जुन्या दारावर कांच बसवून केलेलें मेज, यांस शहरांत व रस्त्यालगतच्या खानावळींत मागणी असते. गाडीचें चाक शाबूत असेल तर त्याची धाव अगर आरे काढूं नयेत. तें जसेंच्या तसें विकलें जातें. शेतीच्याच उपयोगाच्या वस्तूही विसरूं नयेत : खुराडीं, भाजीच्या पेट्या, मधमाशांच्या पेट्या. मधपेटीचें माप मात्र अंदाजानें चालत नाहीं. चौकटींमधील फट सुताभरानें चुकली तर माशा ती फट पोळ्यानें अगर मेणानें भरून टाकतात व चौकट उचलतां येत नाहीं. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या नमुन्याची पेटी समोर ठेवूनच काम करावें, आणि त्यासाठीं रंग, डांबर व किडनाशक न लागलेलें लांकूड निवडावें.

हत्यारांविषयीं फार लिहीत नाहीं. करवत, रंधा, पटाशी, किंकरें, गिरमिट, गुण्या, वाकस आणि फळ्या चिकटवितांना आवळण्यासाठीं तीन-चार शिकंजे इतकें असलें तर प्रारंभ होतो. जुन्या चौकटींचीं मापें इंचांत बसत नाहींत म्हणून नवशिका बुचकळ्यांत पडतो. तीं गजाचीं व तसूचीं आहेत, आणि गजाचे तसू २४, हें त्यास आमच्या सुतारानें सांगितल्यावर उलगडा होतो.

शेवटचा हात तेलाचा द्यावा, चकाकीचा नव्हे. रंगाऱ्याच्या दुकानांत मिळणारें बेलतेल, म्हणजे उकळलेलें जवसाचें तेल, पातळ दोन-तीन हात चोळून लावलें कीं सागाचा मूळ रंग उठतो. एक धोका यांत आहे. या तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून टाकलीं तर तीं आपोआप तापतात व पेट घेतात, काडी लावावी लागत नाहीं. काम संपतांच तीं पाण्याच्या डब्यांत बुडवावीं किंवा एकेक करून मोकळ्या जागीं पसरावीं. ज्याच्या अंगणांत कडबा आहे त्यानें या बाबतींत हयगय करूं नये.

आतां हिशेबाकडे वळूं, कारण धंदा म्हटला कीं तोच गाभा. समजा, १२ फूट लांब व ९ इंच चौरस अशी सागाची तुळई आहे. तिचें घनफळ पावणेसात घनफूट व वजन १२० किलोंच्या आसपास. दोन्ही टोकांचा एकेक फूट कुजका म्हणून काढला, चारी अंगें पाव-पाव इंच तासलीं, तर उरली १० फूट लांब, साडेआठ इंच चौरस. सवा इंची फळ्या पाडावयाच्या, दर कापास करवतीचा चुरा व वांकडेपणा मिळून पाव इंच धरावयाचा, म्हणजे पांच फळ्या निघतात व एक इंचाची सहावी पातळ फळी उरते. पांच फळ्यांचें घनफळ भरतें पावणेचार घनफुटांच्या थोडें आंत. म्हणजे शंभर भागांपैकीं पंचावन्न हातीं आले. रंधून फळी एक इंचावर आणली तर चव्वेचाळीसच. व्यापारी जेव्हां पूर्ण घनफुटावर भाव सांगत नाहीं तेव्हां तो नेहमींच लबाडी करीत असतो असें नव्हे. घट खरोखर एवढी आहे. पण ती घट आपणांस ठाऊक असेल तर तो तिच्या नांवाखालीं दुप्पट घट दाखवूं शकणार नाहीं.

या पांच फळ्यांचे ५ फुटी दहा तुकडे झाले. एका बाकाच्या बैठकीस दोन, पाठीस एक, असे तीन बाक झाले व एक तुकडा उरला, त्यांत पाट होतो. पाय व आडण्या चौकटींच्या लांकडांतून. आतां जमाखर्च मांडूं. यांतील रुपये केवळ रीत दाखविण्यासाठीं मानलेले आहेत, ज्यानें त्यानें आपल्या गांवचे दर घालावे. तुळईस भंगारवाला ४,००० देतो, पायांच्या लांकडास १,१००. हे ५,१०० आपण खर्चांत प्रथम लिहावे. ‘लांकूड घरचेंच’ म्हणून तें शून्य धरणें हा या धंद्यांतील सर्वांत मोठा भ्रम आहे. गिरणीची कापणावळ १,२००, सुताराची नऊ दिवसांची मजुरी ९०० प्रमाणें ८,१००, सरस, स्क्रू, तेल, घासकागद १,५००, वाहतूक १,१००. एकूण १७,०००. तीन बाक ६,५०० प्रमाणें विकले तर आले १९,५००. शिल्लक २,५००, आणि त्यांत नऊ दिवस सुताराच्या हाताखालीं आपणही राबलों ! एवढ्यासाठीं कोणी उठाठेव करूं नये.

पण खिळे काढणें, तासणें, घासणें, तेल देणें हीं कामें घरच्या माणसांनीं केलीं व सुतारास फक्त आंखणी, सांधे व जुळणी यांसाठीं तीन दिवस बोलाविलें, तर मजुरी २,७०० वर येते व शिल्लक ७,९०० होते. यावरून उघड आहे कीं नफा लांकडांत थोडा व आपल्या रिकाम्या दिवसांत पुष्कळ आहे. म्हणून हा धंदा रबीची खळीं उरकल्यापासून मृगापर्यंतचा. लांकूडही त्याच दिवसांत कोरडें असतें. बागाइतदाराला ज्याच्या पाठीमागें बारमाही काम आहे त्यानें हा नाद न करितां चांगला भाव घेऊन तुळई विकावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सुताराची मजुरी वाचवावी असें वर म्हटलें, त्याचा अर्थ त्यास वगळावें असा नव्हे. बलुत्याच्या काळीं सुगीला पायली-दोन पायली धान्यावर ज्यानें आपली गाडी व कुळव वर्षभर चालता ठेवला त्याचें काम ट्रॅक्टरनें नेलें आहे. आम्हीं आमच्या सुतारास रोजाऐवजीं विक्रीचा हिस्सा ठरवून दिला. त्यामुळें बाकाचा सांधा त्यानें असा बसविला कीं त्यांत सुई जाऊं नये. २०२३ च्या सप्टेंबरांत सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेंत सुतारकाम हा एक धंदा असून अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद तींत करण्यांत आली. अर्ज त्या कारागिरानें करावयाचा. आपण त्यास कागद जुळवून द्यावे.

कागदांचें नांव निघालें तेव्हां आमच्या जुन्या खात्याची भाषा थोडी ऐकून घ्यावी. वडिलार्जित घराचें लांकूड हें ज्याच्या ताब्यांत घर आहे त्याचें एकट्याचें नसतें. भाऊ, चुलतभाऊ, व ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें मुलींचाही मुलाइतकाच हक्क, या सर्वांची संमति उतरविणीपूर्वीं लेखी घ्यावी. जमिनीच्या वाटणींत जे भाऊ एका शब्दानें भांडले नाहींत ते माजघराच्या कोरीव चौकटीवरून न्यायालयांत गेलेले आम्हीं पाहिले आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जवळ ठेवावा (पुष्कळ जण याची व तलाठ्याकडील ८-अ ची गल्लत करतात), आणि हाही कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हें ध्यानांत असूं द्यावें.

भारतीय वन अधिनियम, १९२७ यांत इमारती लांकडाची व्याख्या फार व्यापक आहे. तोडलेलें, कापलेलें, घडविलेलें सर्व त्यांत येतें. साठ वर्षें घराच्या आढ्यास राहिला म्हणून साग त्या व्याख्येबाहेर जात नाहीं. त्याच्या वाहतुकीस महाराष्ट्रांत २०१४ चे वन नियम आहेत. सबब गाडीभर तुळया हलविण्यापूर्वीं नमुना ८ चा उतारा, घर उतरविल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, नगांची मोजमापासह यादी व छायाचित्रें जोडून वनपरिक्षेत्र कार्यालयांत लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. परवाना लागतो कीं नाहीं तें त्यांच्याच सहीनें कळूं द्यावें. तोंडी ‘जा, कांहीं होत नाहीं’ हें नाक्यावर चालत नाहीं. जुन्या ढिगांत बांधावरचें ताजें तोडलेलें खोड खपवूं नये. झाडें तोडण्याचें नियमन करणारा १९६४ चा राज्याचा कायदा त्यास लागू होतो व एका खोडापायीं सारा ढीग अडकतो. स्वतःचें कापण्याचें मोठें यंत्र बसविण्याचा मोहही आवरावा. १९९६ पासूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनीं अशा गिरण्यांवर कडक नियंत्रण आलें आहे. परवानाधारक गिरणींतच कापून घ्यावें व पावती जपावी.

कोरीव कामाचा प्रश्न निराळा आहे. गणेशपट्टी, सुरूदार खांब, महिरप, नक्षीचे हस्त हे शंभर वर्षांपूर्वींचे असतील तर १९७२ चा पुरावस्तु अधिनियम त्यांस लागू होऊं शकतो. अशा वस्तु खासगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहींत, व त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. गोड बोलणारा परका गिऱ्हाईक ‘बाहेर पाठवितों’ म्हणाला तर हात आंखडता घ्यावा. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या हातानें ती वेल कोरली तसा हात आतां सहज मिळत नाहीं. तिचे तुकडे करून तिवई करणें आमच्या जिवावर येतें. तशी चौकट अखंड ठेवून नव्या घरास बसवावी.

विक्रीसाठीं मुंबईंत जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा बाजार, तामिळनाडूंत कारैकुडी, राजस्थानांत जोधपूर हीं जुन्या लांकडाचीं नामांकित ठिकाणें आहेत. गुजरातेंत अलंग येथें मोडलेल्या जहाजांचें सामानही रस्त्यालगत विकलें जातें. तेथें माल नेण्याचा विचार करूं नये, पण एकदां जाऊन भाव पाहून यावे, म्हणजे दारांत आलेल्या भंगारवाल्याशीं बोलतांना आपली जीभ अडखळत नाहीं. आपलें खरें गिऱ्हाईक पंचवीस-तीस कोसांच्या आंतलें : कृषि-पर्यटनाचीं केंद्रें, रस्त्यावरचीं उपाहारगृहें, देवळाचे विश्वस्त, नवें घर बांधणारा नोकरदार. वस्तु तयार करून गिऱ्हाईक शोधण्यापेक्षां एक नमुना करून, त्याचें छायाचित्र दाखवून, मागणी घ्यावी. मागणीपत्रावर लांकडाची जात, माप व पोंचविण्याची तारीख लिहावी व निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. भोकें बुजविलेलीं असतील तर तें आधींच सांगावें. जुन्या खिळ्यांच्या खुणा गिऱ्हाईकास आवडतात, पण लपविलेली पुटी सांपडली कीं तो पुन्हां येत नाहीं. खणाचीं अगर दाराचीं कामें ज्येष्ठापूर्वीं पोंचवावीं व जुळणींत दोन सुतांची मोकळीक ठेवावी. लांकूड कितीही जुनें असलें तरी पावसाळ्यांत तें थोडेंसें फुगतेंच, आणि पहिल्या सरींत दार अडलें कीं उरलेल्या निम्म्या रकमेसाठीं चार हेलपाटे पडतात.